आखूड पंजाचं कासव

नौक्रातिस, नाईलच्या पुराचा पहिला महिना

प्रिय मिकाताई,
शि. सा. न. वि. वि.

उद्या लिहू, उद्या लिहू करत वर्ष घालवलं. घाल शिव्या. इथे मांजराला लाथ मारली तर माणसाला मारतात, म्हणून मी जपून चालतो. बंदरावर गोण्या वाहतो, कांदा-भाकरी सुटते. हां, सांगायचं राहिलंच. इथले व्यापारी आपल्या एजिनाच्या कासवछाप नाण्यावर विश्वास ठेवत नाहीत, नाणं छिन्नीने चिरून आतली चांदी बघतात. परवा एक चिरलं, तर आत तांबं. वरच्या कासवाचा डावा पंजा आखूड होता.

टाकसाळीत नाण्यांचे ठसे कोरताना बाबांची छिन्नी एकदाच घसरली होती, त्यामुळे असा पंजा त्यांच्या एकाच ठशावर आहे. झिजला म्हणून अफायादेवीच्या पायरीवर फोडायला त्यांनी माझ्याकडे दिला होता, तोच. तिकडे कुणी काही बोललं का? सहज विचारतो. बाबांना सांगू नकोस.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा भटक्या, दामोन

एजिना, द्राक्षं तोडायचे दिवस

चि. दामोनास,
अ. आ.

बाबांना पंचांनी धरून नेलं. तांब्याची कासवं इथेही निघाली आणि तो पंजा टाकसाळीत सगळ्यांनी ओळखला. बाबांनी वेदीवर हात ठेवून सांगितलं, ठसा माझ्या मुलाने फोडला. शेजारचा सोस्त्रातोस हसला. म्हणाला, ज्याला चपलेचा बंद बांधता येत नाही, तो ठसा काय फोडणार. बाबा म्हणाले, पोरगा आळशी आहे, पण माझ्याशी खोटं बोलत नाही.

पंच पुढच्या पौर्णिमेपर्यंत थांबतील. तू शपथेवर लिहिलंस की फोडला, तर कुणीतरी नक्कल केली असं ते धरतील. नाहीतर बाबांचे दोन्ही हात तोडून त्यांना बेटाबाहेर काढतील. दोनच ओळी लिही, पण या वेळी उद्यावर टाकू नकोस.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
मिका

नौक्रातिस, हिवाळ्यासाठी समुद्र बंद होण्याचा आठवडा

प्रिय मिकाताई,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला. मी तो ठसा फोडला नाही. सामोसच्या एका नावाड्याने त्याच्या बदल्यात मला इथवर आणलं. मला वाटलं, भंगार तर आहे. रोज बोरू घेऊन बसायचो. फोडला लिहावं, तर देवीसमोर खोटं. फोडला नाही लिहावं, तर बाबा खोटे पडतात. मग गोण्या वाहायला उठून जायचो. तिकडे जाणारं शेवटचं जहाज आज सकाळी सुटलं. आता वसंतापर्यंत हे पत्र माझ्याच उशाशी राहील.

जमलं तर अजून भाऊ म्हण.
दामोन

ता. क. आत्ता तिकडून एक जहाज लागलं. त्यातून बाबा उतरलेत. दोन्ही हात मनगटाशी कापडात गुंडाळलेले. पाया पडलो तर पाठीवर कोपर ठेवलं. म्हणाले, शेवटपर्यंत पंचांना सांगत राहिलो की माझ्या दामोनने फोडला. भाकरी भरवायला बसलो, तर हसून विचारतायत, किती तुकडे झाले होते रे त्याचे.