पडद्याआड लागलेलं लग्न

ती. भाऊसाहेबांना,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा हा नमस्कार मनानेच वाकलेला समजावा.) वहिनींचा गुडघा आणि तुमचं बीपी जागच्या जागी असेल अशी आशा करतो. आमच्या घरचं माणूस गेल्या आठवड्यापासून तुमच्याकडे हवापालटाला आलं आहे, त्याचीही प्रकृती ठीक असावी. इथली हवा तशी बरीच बरी आहे, पण तो विषय नको.

तुम्ही नात्याने मोठे, त्यात निवृत्त हेडमास्तर, म्हणून मन मोकळं करतो. गेल्या आठवड्यातल्या त्या तेलुगू लग्नाचे मी दोन हजार फोटो काढले आणि त्यांत लग्न सोडून सगळं आलं. मुलीची आजी अंथरुणाला खिळलेली, कार्यालयात येणं शक्यच नव्हतं. तिने माझ्याकडे एकच फोटो मागितला होता: नातीने आणि नातजावयाने एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवलेला. त्या लोकांत जिरं आणि गूळ कुटून विड्याच्या पानावर घेतात आणि वधूवर तो एकमेकांच्या डोक्यावर दाबून धरतात. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना. पडदा खाली आला की काढू.

कारण मध्ये पडदा होता, आपल्या अंतरपाटासारखाच. आता अंतरपाट म्हटलं की माझं बोट आपोआप बटणावर जातं. तो दूर झाला, अक्षता पडल्या, की लग्न लागलं. आयुष्यभर हेच करत आलो. (सकाळी कुणीतरी नवरीच्या आत्याकडून सगळं विचारून आलं होतं आणि मला सांगतही होतं. पण मी तेव्हा चहा पीत होतो.)

शिवाय माझं डोकं त्या संयोजकाने खाल्लं होतं. हा गृहस्थ घरातसुद्धा काळा चष्मा लावतो. नवरीला टोपलीत बसवून मामांनी उचलून आणायचं, ही त्यांची रीत. याने टोपलीखाली विजेवर चालणारा पाट लावला, त्यामुळे दोन्ही मामांना नुसते उचलल्यासारखे चेहरे करत बाजूने चालावं लागलं. वरून धूर सोडला. त्या धुरात गुरुजी खोकले आणि ते खोकणं हॉलभर घुमलं, कारण त्यांच्या उपरण्याला माईक टोचलेला होता. आजीला घरबसल्या लग्न दिसावं म्हणून वर ड्रोन भिरभिरत होता.

तर पडदा धरला गेला. मी गुरुजींच्या अगदी खांद्याशी, समोर कॅमेरा, डोळा मिटलेला. इतक्यात माझ्याबरोबर फोटोचा दिवा धरायला आलेल्या व्यक्तीने माझी बाही ओढली. एकदा ओढली, पुन्हा ओढली. मी म्हणालो, तुला काय कळतं त्यातलं, तू दिवा धर. भाऊसाहेब, मी हळूच म्हणालो होतो. पण माईकला हळू-जोरात कळत नाही. पाहुण्यांनी वळून पाहिलं. पाठोपाठ सनई-ढोल असे काही कडाडले की मला वाटलं, माझं बोलणं झाकायला बिचारे धावून आले.

ते मुहूर्ताचं वाजत होतं. पडद्याच्या दोन बाजूंनी हात वर गेले, जिरं-गूळ डोक्यावर बसला आणि लग्न लागलंसुद्धा. त्यांचं पडदा वर असतानाच लागतं. माझ्याकडे त्या क्षणाचे चाळीस फोटो आहेत, सगळे पडद्याचे. कापड उत्तम आहे, प्रत्येक धागा दिसतो. आजीला घरी काय दिसलं विचारलं, तर ड्रोन तेव्हा बाहेर भरकटून गच्चीवरची पाण्याची टाकी दाखवत होता.

संयोजक म्हणाला, पुन्हा करू. गुरुजी जानवं सारखं करत राहिले. नवरी मात्र सरळ म्हणाली, मी कॅमेऱ्यासाठी दुसऱ्यांदा लग्न करणार नाही. मला तिचं पटलं. आता मुलीचे वडील रोज फोन करतात. चिडत नाहीत. आई विचारतेय, एवढंच म्हणतात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
फोटोवाला मेहुणा

ता. क. काल ते पडद्याचे फोटो मोठे करून बघत होतो. एकात अगदी कडेला दोन हात दिसतात. एका हाताने दिवा धरलेला आणि दुसरा हात पडद्यावरून उंच गेलेला, त्यात फोन. मनगटावरची बांगडी तुम्हीच गेल्या भाऊबीजेला घातलेली. म्हणजे तो फोटो तुमच्याच घरात, तुमच्या बहिणीच्या फोनमध्ये आहे. ती माझा फोन उचलत नाही. तेवढा मागून पाठवता का? आजी वाट बघतेय.

ता. क. २. नाही पाठवला तरी चालेल. तिने स्वतःच जाऊन आजीला दाखवावा, तो तिचाच आहे. फक्त वाटेत आमचं घर लागतं. पुढच्या महिन्यात आणखी एक लग्न घेतलंय, कॅमेरा तिने घ्यावा, दिवा मी धरीन. (हे तिला वाचून दाखवू नका. पत्र चहाच्या टेबलावर उघडं विसरा.)