पाच वाजता तुमचा नंबर आहे

अहो,

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी तुम्ही शेवटची दवाखान्याची पायरी चढलात, तीही पाहुण्यांना सोबत म्हणून. आज पुन्हा चढायची आहे. मी नंबर लावायला पुढे जाते. छान घोरत होतात म्हणून उठवलं नाही.

सकाळी मी गुडघ्यासाठी गेले आणि काय सांगू, अर्धा तास बसवून घेतलं हो मला! घाई नाही, दटावणं नाही. नव्या डॉक्टरीणबाई म्हणतात, माणूस बरा असतानाच त्याला ओळखून ठेवायचं, हेच माझं काम. लहानथोर सगळं घर त्याच बघणार. गुडघा राहिला बाजूला, आधी रक्तदाब घेतला, झोप विचारली, जेवण विचारलं. मग म्हणाल्या, "आजी, आजोबा कसे आहेत?"

"ठणठणीत," म्हणायला तोंड उघडलं आणि खरं तेच बाहेर पडलं. जिन्यात तीनदा थांबता आणि चपलेचा पट्टा सारखा करायचं सोंग करता, ते सांगून टाकलं. हवं तर रागवा, पण या. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, उशीखाली लपवलेल्यासुद्धा.

फॉर्मवर घरातले आजार लिहायचे होते. इतकी वर्षं आपण सगळ्यांना "दमणुकीने गेले" असंच सांगत आलो. आज मी खरं लिहिलं: यांचे थोरले भाऊ हृदयविकाराने वारले, वय बावन्न, मे एकोणीसशे ब्याण्णव.