विणकरीण बाराव्या पानावर मेली

सर, आपल्या सहा वीरांच्या मासिकाचे सगळे अंक एका जाड पुस्तकात पुन्हा निघणार आहेत. पुण्याच्या प्रकाशकांनी आज सकाळी फोनवर तसं पक्कं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "सरांच्या हातची मूळ पानं तुमच्याकडेच आहेत ना?" मी म्हणाले, वाळवी लागली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते बोलताना जीभ अडखळली. म्हणून हे लिहायला घेतलं.

शहराच्या छावणी भागातल्या छापखान्यात पहिला अंक निघाला तेव्हा लाल आणि काळा असे दोनच रंग परवडायचे. मी दैनिकातली नोकरी सांभाळून गोष्ट लिहायची आणि तुम्ही शाळा सुटल्यावर चित्रं काढायचात. पात्रांच्या तोंडच्या फुग्यांतला मजकूरही तुमच्याच अक्षरात. "मुंबईच्या कॉमिकातले वीर इमारतींवरून उड्या मारतेत. आपल्याकडं एवढं उंच काय हाय? आपले खाली वाकून बघतील," असं म्हणून तुम्ही जमिनीखालचं पाणी दिसणारा विहीरवाला काढलात. मग एकेक करून बाकीचे आले आणि सगळ्यांत शेवटी पैठणची विणकरीण, जिचा धागा कशानंच तुटत नसे. एक तारखेला गठ्ठे एसटी स्टँडवर जायचे, आणि पाचोडच्या बाजारात आपला अंक फुग्यांशेजारी दोरीला टांगलेला असायचा. पुढं पहिल्या मालकांनी छापखाना विकला. दुसऱ्यांनी चार रंग आणले आणि पानं कमी केली. तरी एक तारीख चुकली नाही.

मग तुम्हाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. त्या महिन्याची अकरा पानं तयार होती, तेरा राहिली होती. मालक म्हणाले, "अवो ताई, सरांचं लई वाईट झालं, पण एक तारखेला आपला अंक नाय दिसला तर त्या दोरीवर दुसऱ्याचा लागतो. काय बी करा." मी बातमीदार बाई, रिकामी जागा भरायची एवढंच शिकलेली. जुन्या अंकांच्या मूळ पानांची ट्रंक माझ्याकडंच होती. टेबलावर पानं पसरली आणि कात्रीनं माणसं कापायला बसले. विहीरवाला इथून, त्याची सावली तिथून. नव्या कागदावर चिकटवलं की प्रसंग उभा राही. फक्त विणकरीण बसेना. तिचे हात तुम्ही कधी स्थिर काढलेच नाहीत, प्रत्येक चित्रात ते त्याच प्रसंगाच्या धाग्यात गुंतलेले. दुसरीकडं लावलं की ती हवा चिवडते आहे असं वाटायचं. दुपार सरली, डिंक वाळायला लागला. शेवटी मी गोष्टच बदलली आणि बाराव्या पानावर तिला मारलं.

अंक घेऊन मी तुमच्या घरी आले. काकूंनी तुम्हाला उशीला टेकवून बसवलं. तुम्ही डाव्या हातानं पानं उलटत बाराव्यावर थांबलात.

"का मारलंस गं तिला?"

"सर, तिची चित्रं कमी पडली."

तुम्ही अंक तसाच उघडा मांडीवर ठेवलात. मग तोंड वाकडं होत होतं तरी एकेक शब्द नीट म्हणालात, "मी हाय की अजून. थांबायचं व्हतं."

काकूंनी मला दारापाशी एक वही दाखवली. पानापानांवर तीच विणकरीण, डाव्या हातानं काढलेली. नाक घसरलेलं, पदर कुठच्या कुठं, पण शेवटच्या पानावर ते हात ओळखू येत होते. "रोज सकाळी बसत्यात," काकू म्हणाल्या. त्या दिवसानंतर तुम्ही वही मागितली नाहीत. दोन महिन्यांनी गेलात. मासिक दुसऱ्या चित्रकाराकडून आणखी वर्षभर चाललं, आणि बंद पडलं.

गुरुवारी प्रकाशकांची मुलगी पानांचे फोटो काढायचं यंत्र घेऊन येणार आहे. वाळवीनं जे सोडलं असेल ते तरी बघू, असं ती म्हणते. ट्रंकेत वाळवी नाही. माणसांच्या आकाराची भोकं पडलेली पानं आहेत, आणि ती मी तिच्यापुढं ठेवणार आहे. ती विचारील, मी सांगीन. प्रस्तावना शुक्रवारपर्यंत हवी आहे, तीही खरी लिहीन. एक गोष्ट मात्र तिच्यात येणार नाही. विणकरीण मेल्याच्या अंकावर जितकी पत्रं आली तितकी त्याआधी कधीच आली नव्हती. तुम्ही अजून होतात तेव्हा. लोक रडले होते, लेखिकेची तारीफ करत होते. मी ती तुम्हाला दाखवली नाहीत. घरी बसून दोनदा वाचली, आणि मला बरं वाटलं.