वळणावरचा भोंगा

आरमोरी,
बुद्धपौर्णिमेच्या आधीचा बुधवार

प्रिय सोमारी,

जयभीम आणि तुझ्याकडचा सेवा जोहार. एटापल्लीच्या एसटीवरचे ड्रायव्हर दसरूभाऊ ही चिठ्ठी तुझ्या हाती देतील. फोन लावून पाहिला, पण तुझ्या गावात शिरला की आवाज विहिरीत पडल्यासारखा होतो. शिवाय मला जे सांगायचं आहे ते "हॅलो, ऐकू येते काय" करत सांगण्यासारखं नाही. तू आश्रमशाळेत सातवी झालीस, मी मॅट्रिक झाले, त्याचा आज उपयोग करू. सुनेला वाचायला देऊ नकोस, आधी तू वाच. तेंदूपानांचा हंगाम भरात असेल, पुडे बांधून बोटं काळी झाली असतील. डाग पडले तरी चालतील चिठ्ठीवर.

फाल्गुनात तू आणि मुलांनी लालसूभाऊंच्या माघारी त्यांच्या आठवणीचा दगड उभा केला, तुझ्या नवऱ्याचा, यांच्या जिवलगाचा, आणि आम्ही आलो नाही. दसरूभाऊंनी मागाहून सांगितलं, "सोमारीबाई दिवसभर वळणाकडे कान लावून होत्या. भोंगा काई वाजला नाई." तेव्हापासून हे वाक्य आमच्या घरात रोज जेवायला बसतं. आमचे हे भाताचा घास करतात आणि तसाच ताटात ठेवून देतात.

आम्ही निघालो होतो ग. सकाळीच यांनी पांढरा सदरा घातला, मी तिळाचे लाडू बांधून घेतले, विहारासमोर गाडी थांबवून त्रिशरण म्हटलं. नाक्यापर्यंत जीप गेली आणि खालून खण्णकन आवाज झाला. मागच्या चाकांना फिरवणारा जो लांब दांडा असतो ना, त्याच्या टोकाचा क्रॉस तुटला. मुठीएवढा लोखंडी तुकडा, बेरजेच्या खुणेसारखा. तेवढ्यानं सगळं अडलं, कारण पुढच्या चाकांचं ओढणं आमच्या गाडीत केव्हाच बंद पडलं आहे. मी म्हटलं, एसटीनं जाऊ. हे म्हणाले, "लालसूच्या दारी मी कधी एसटीनं गेलो काय?" तोवर एसटीही निघून गेली होती. तुझ्याच अंगणात हे आणि लालसूभाऊ बोलून बसले होते ना, जो मागं राहील त्यानं दुसऱ्याच्या दारी वळणावर भोंगा वाजवत यायचं. तो आमचा पितळी भोंगा, रबरी फुगा दाबला की रेडकासारखा रडणारा. तू म्हणायचीस, रेडकू रडलं की मी तांदळात दोन मुठी वाढवते. किती वर्षं आम्ही त्या दोन मुठींचं जेवलो!

मग सुरू झाला शोध. नथ्थू मिस्त्री म्हणाला, असा क्रॉस आता निघतच नाही, जुन्यातच पाहावा लागेल, तुटलेला खोलून देतो, नमुना सोबत न्या. यांचा ताठा तुला ठाऊक आहे. "माही गाडी मले माहीत नाई काय?" म्हणून गाडीच्या कंपनीच्या पाटीवरचा नंबर कागदावर उतरवून घेतला आणि निघाले. चंद्रपूरची भंगाराची दुकानं पालथी घातली. जिवतीच्या डोंगरात एकाकडे तशीच गाडी आहे असं कळलं, म्हणून तिकडेही गेलो. गाडी होती, पण तिच्यात कोंबड्या नांदत होत्या. मालकीण म्हणाली, "खुशाल खोलून न्या, पण अंड्यावरची उठू द्या आधी." आम्ही कोंबडीच्या मर्जीची वाट पाहत बसलो. ती उठली तेव्हा कळलं, खालचा दांडा कधीचाच काढून वेलाच्या मांडवाला टेकू म्हणून लावला आहे, आणि त्याचा क्रॉस गंजून राख. परतताना हे खिडकीबाहेर तोंड करून बसले. मला हसू येत होतं, पण हसले नाही.

तू मला चिडवायचीस की कमलाबाई मिठाच्या खड्यालाही हिशेबात रकाना देते. या फेऱ्यांचा खर्च मात्र मी गाडीखाली लिहिला नाही, औषधपाण्याखाली लिहिला. दुखणंच होतं ते.

शेवटी नागपुरात एका म्हाताऱ्या दुकानदारानं डबा उपसून क्रॉस काढला, ग्रीसच्या कागदात गुंडाळलेला, कोरा. घरी आणून मी तो बुद्धांच्या तसबिरीपुढे ठेवला, मेणबत्ती लावली. नथ्थू गाडीखाली शिरला, बराच वेळ खुडबुड केली आणि बाहेर येऊन चाकाला पाठ लावून बसला. म्हणाला, "श्रावणभाऊ, क्रॉस तुमच्या गाडीचाच हाय. पण हा दांडा तुमच्या गाडीचा नोहे." हे आधी त्याच्यावर तडकले. मग स्वतः वाकून दांडा पाहिला. उंबरठ्यावर जाऊन बसले आणि थोड्या वेळानं मला एवढंच म्हणाले, "कमला, दीक्षाभूमी."

आणि मला सगळं आठवलं. तुलाही आठवेल, सोमारी.

आम्ही आलापल्लीला राहत होतो तेव्हाची गोष्ट. वनखात्याच्या एकाच लिलावात दोघांनी जीपा घेतल्या होत्या. लालसूभाऊंची जुन्या लष्करी घडणीची, आमची तिच्यानंतरची, पण वरून पाहणाऱ्याला सख्ख्या बहिणी. ऑक्टोबरात आम्ही गाडीभर बाया पांढरी लुगडी नेसून चंद्रपूरला दीक्षाभूमीवर निघालो आणि जंगलातल्या चढावर दांडा मोडला. बाजाराला निघालेले तुम्ही दोघं मागून आलात, गाडीत तुझ्या बांबूच्या टोपल्या. लालसूभाऊंनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "तुमचा दिवस सालातून एकदा येते, बाजार तं दर हप्त्याले भरते." आणि शिरले की आपल्याच गाडीखाली! स्वतःचा दांडा खोलून आमच्या गाडीत बसवला. पुढच्या दोन चाकांवर त्यांची हलकी गाडी घरी जाणार होती, आमची बायांनी भरलेली चढ चढली नसती. तू टोपल्यांवर बसून म्हणालीस, "धर्म नाई करून राह्यला तो, कमलाबाई. मले बाजारात चुडे मागता येऊ नये म्हणून करून राह्यला." सगळ्या बाया हसल्या. माझ्या लुगड्याला ऑइल लागलं तेव्हा तू पळसाच्या पानानं पुसायला गेलीस आणि डाग हातभर पसरला. ते लुगडं अजून ट्रंकेत आहे. दर पौर्णिमेला पांढरं काढताना ते हाताला लागतं, आणि मी घडी उलटी करून डाग वर ठेवते.

पुढे यांनी मोडका दांडा नीट करून नेला. अदलाबदल करू म्हणाले तर लालसूभाऊंनी हात धरला. "राहू दे ना. माहं तुह्याजवळ, तुहं माह्याजवळ. चालून राह्यलं ना?" म्हणून यांनी नीट केलेला दांडा तुमच्याच गाडीत चढवला, चहा पिऊन आले आणि सगळेच विसरून गेले.

म्हणजे इतकी वर्षं आमची गाडी लालसूभाऊंच्या दांड्यावर चालली. त्याचा क्रॉस आता कुठंच मिळत नाही. नथ्थूनं लेथवाल्याकडून एक घडवूनही पाहिला, तो गल्ली ओलांडायच्या आत गेला. आणि नागपूरचा क्रॉस ज्याला बरोबर बसतो तो आमचा दांडा तुझ्याकडे आहे, मोहाच्या झाडाखाली, लालसूभाऊंच्या दगडाशेजारी उभ्या असलेल्या गाडीत, जिथं तुमच्या रीतीप्रमाणे गेलेल्या माणसाच्या वस्तू म्हणून तुम्ही त्यांची बाज ठेवली, लोटा ठेवला.

नथ्थूला केवढा आनंद झाला! "मंग काय वहिनी, एक पाना घेऊन जा अन् खोलून आणा. तुमचीच तं वस्तू हाय." यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो हत्यारं गोळा करायला लागला. "गेलेल्या माणसाच्या वस्तूले हात लावू काय? माहा असला तरी आता तो त्याचा हाय." त्या दिवसापासून शोध थांबला. गाडीवर ताडपत्री टाकली. रोज सकाळी भोंगा पुसायचे, तेही सोडलं. तुझ्याकडून मागायचं नाही आणि गाडीशिवाय तुझ्या दारात यायचं नाही, या दोन्हींच्या मध्ये माणूस वाळत चालला आहे.

तेव्हा दांडा मागायला ही चिठ्ठी लिहिली असं समजू नकोस. तो तिथंच राहील. काल मी ताडपत्री बाजूला केली आणि नथ्थूकडचा पाना घेऊन भोंगा काढायला बसले. एक नट काही केल्या हलेना. हे बाजेवरून नुसते पाहत होते. मग हळूच म्हणाले, "तो डावीकडे फिरते." सोमारी, ताडपत्री टाकल्यापासून गाडीबद्दल बोललेला तो पहिला शब्द. निघालेला भोंगा त्यांनी माझ्या हातून घेतला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि स्वतःच पिशवीत ठेवला. म्हणून लिहिते. हंगाम आटोपला की आम्ही दोघं दसरूभाऊंच्या एसटीनं येऊ. गाडी आली नाही तर वचन मोडलं असं तुला वाटेल का, एवढं एकच यांना विचारायचं आहे आणि तेच तोंडातून निघत नाही. तू फक्त "या" म्हणून निरोप दे. नागपूरचा क्रॉस सोबत आणतो. तुमच्या रीतीत बसत असेल तर लालसूभाऊंच्या गाडीत ठेवू, तिच्यातल्याच दांड्याला तो बसतो. वळणावर उतरून पायी येऊ. रेडकू रडलं की रस्त्यावर गाडी शोधू नकोस. तांदळात दोन मुठी वाढव.

वळणापलीकडची, तुझीच
कमला