घरी कोण असतं?

बर्गन, ५ फेब्रुवारी १९९४

ती. आस्लाउगमावशीस,
टुरिडचा सा. न. वि. वि.

नर्सची नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थिनी झालेय, त्याची फळं भोगतेय. सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात सध्या स्त्री-पुरुष समानता आणि आरोग्य हा विषय चालू आहे. बाईंनी प्रत्येकाला एक घर निवडायला सांगितलंय. तिथे आजाऱ्याचं कोण करतं, आणि करणाऱ्याचं कोण करतं, ते लिहायचं. मी तुझंच घर घेतलंय. आठवडाभर काय काय केलंस ते कळव. ‘काही नाही, घरीच होते’ असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

तुझ्या ऑपरेशनची तारीख आली का? काकांना म्हणावं, डाव्या हातानं पत्ते पिसायला शिका, उन्हाळ्यात हरवायला येते.

माया आहेच, पण मुरंबा पाठवलास तर आणखी वाढेल.
टुरिड

स्तुरहोल्म बेट, १४ फेब्रुवारी

चि. टुरिडला मावशीचे अ. आ.

सोमवारी काकांना उठवलं, न्हाणीत नेलं, खुर्चीत बसवलं, जेवल्यावर पलंगावर निजवलं. मासे साफ केले. मंगळवारी तेच. मोजलं तर दिवसातून नऊ वेळा उचलते. अर्धांगानं उजवी बाजू गेली, होडी सुटली, पण त्यांची भूक काही सुटली नाही.

मदतनीस द्यायची का ते बघायला जानेवारीत पालिकेची बाई येऊन गेली. परकं माणूस येणार म्हणून दोन दिवस फरशी घासली, काकांना इस्त्रीचा सदरा घातला, नाताळासारखी सात प्रकारची बिस्किटं भाजली. घरी कोण असतं, विचारलं. मी असते, म्हटलं. ‘घर उत्तम चालतं’ असं कागदावर लिहून गेली. मदत शून्य तास. पलीकडच्या हाकूनची बायको पाय मोडून पडली, तर त्याच्याकडे रोज दोन तास बाई येते. बिचाऱ्याला अंडंसुद्धा उकडता येत नाही ना.

बूडोच्या इस्पितळाची ११ एप्रिल तारीख आलीय. अंग बाहेर येतं ते शिवायचं, मग सहा आठवडे काही उचलायचं नाही. मग काकांनी काय करायचं? मागच्या तारखेसारखी हीही परत करते. त्यांना बोलू नकोस, बायकांची दुखणी ती.

मुरंबा पाठवलाय, आता मायेत कसूर नको.
मावशी

बर्गन, २१ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न.

तुझं पत्र नाव झाकून वर्गात वाचलं. बिस्किटांपाशी सगळे हसले, मीही हसले. हाकूनचा भाग बाईंनी पुन्हा वाचायला लावला. मला राग आलाय. पालिकेचा तर आलाच, पण थोडा तुझाही.

पुन्हा पाहणी करावी असा अर्ज सोबत आहे, त्यावर सही कर. ती बाई येईल तेव्हा घासू नकोस, भाजू नकोस, मुख्य म्हणजे घरात थांबू नकोस. तारीखही परत करू नकोस. काकांना मी काही सांगणार नाही, पण तू सांगायला हवंस.

रागावलीस तरी चालेल, पत्र मात्र थांबवू नकोस.
टुरिड

स्तुरहोल्म, २९ मार्च

चि. टुरिडला अ. आ.

बाई गुरुवारी येऊन गेली. फरशी घासली नाही. बिस्किटं एकाच प्रकारची भाजली, तीही डब्यात लपवली. मी शेजारी माग्नहिल्डकडे जाऊन बसले. दीड तास हातात विणकाम होतं, सगळे टाके चुकले. घरी परतले तर कॉफी फरशीवर, काकांच्या गुंड्या वरखाली, आणि बिस्किटांचा डबा रिकामा. काय झालं विचारलं, तर काका खिडकीबाहेर बघत बसले. आजारापासून जीभ अडखळते म्हणून परक्यांपुढे ते तोंडच उघडत नाहीत, तुला माहीतच आहे.

आज पालिकेचा फोन आला. ११ एप्रिलपासून आठ आठवडे सकाळ-संध्याकाळ माणूस येणार. ती तारीख बाईला कळली कशी? अर्जात तर नव्हती, मी दोनदा वाचला होता. इस्पितळाचं पत्र तर अजून पिठाच्या डब्यामागेच आहे. तूच कुणाला बोलली असशील, तर भेटल्यावर कान उपटीन.

कान उपटले तरी तू आमचीच आहेस.
मावशी

स्तुरहोल्म, १४ एप्रिल

सौ. आस्लाउग हीस,

डाव्या हातानं लिहितोय. वाकडं आहे, लावून घे.

ऑपरेशन नीट झाल्याचं टुरिडनं फोनवर सांगितलं. सकाळी येणारी मुलगी चांगली आहे, कॉफी पातळ करते.

टुरिडवर संशय घेऊ नकोस. मला नाताळापासून ठाऊक होतं. मला उचललंस की टेबलाची कड धरून उभी राहतेस. पिठाच्या डब्यामागचं पत्र माझ्या खुर्चीतून दिसतं. तरी बोललो नाही. तू गेलीस तर मला कोण उचलणार, म्हणून बोललो नाही. त्याची लाज वाटते.

त्या बाईनं विचारलं, तुमचं करायला घरी कोण असतं. मी पत्राकडे बोट दाखवलं. म्हटलं, “घरात एक आजारी बाई आहे. तिचं करायला कोणी नाही.”

एवढं बोलायला फार वेळ लागला. बाई थांबली. पत्र वाचून होतं तिथेच ठेवलं. मग तिनं नवा कागद घेतला.

सहा आठवडे काही उचलू नकोस. नंतरही मला एकटीनं नाही.

लोभ असावा, असं तुला कधी लिहावं लागलं नव्हतं. आता लिहितो.
तोरलेइफ