स्टिअरिंगखालचा दांडा

१६ जुलै १९८९, रविवार. डिचोली
चोपड्याहून परत. आईला भेटून बरं वाटलं, पण येताना जीव मुठीत. शिवोलीला फेरीबोटीतून वर चढताना पहिला गिअर पडेना. गाडी हातभर मागे सरकली, मागचा टेम्पोवाला ओरडला. हे घामाघूम. कसातरी गिअर पडला आणि वर आलो.
म्हणाले, "दांडो अडाकता. काढूनच टाकूक व्हयो."
बावीस वर्षं खाणीचा ट्रक चालवणाऱ्या माणसाला पहिला गिअर सापडत नाही, हे मला पटलं नाही. 

१९ जुलै
डोक्यात घेतलंयच. स्टिअरिंगखालचा गिअर काढून ट्रकसारखा खाली जमिनीवर बसवायचा. आपली गाडी जुनी, छोटी, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डावीकडे. तो काढायचा तर खाली पत्रा कापायचा, सगळ्या सळ्या बदलायच्या, शिवाय पुढची लांब सीट मधोमध कापून दोन करायच्या. सात वर्षं त्या एका सीटवर दोघं बसतोय. खाणीवरचे इंजिनिअर बदलीवर गेले तेव्हा त्यांची गाडी ह्यांनी घेतली, तेव्हापासून काही अडलं नव्हतं.
पावसाळा, खाणीचा माल बंद, ट्रक यार्डात. ह्यांना वेळच वेळ. तरीही माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

२३ जुलै
भांडण. किरकोळ. सीट कापायची नाही म्हटलं. हे गप्प. ह्यांचं गप्प बसणं म्हणजे ठरलं.

२ ऑगस्ट
शाळेच्या कामाने म्हापशाला गेले ती थेट जुझेच्या गॅरेजवर. हा मेकॅनिकच भरवतोय ह्यांना, अशी माझी खात्री. भांडायला पदर खोचून गेले होते.
जुझेने हात पुसले आणि सरळ सांगितलं, "बाये, दांड्याक कांयच जावंक ना. हांवें स्वता चलोवन पळयलें."
"मागीर बदलता कित्याक?"
"तें तुमच्या घोवाक विचारात. हांवें तांकां म्हळें, गरज ना."
खोचलेला पदर तसाच घेऊन परत आले. म्हणजे दांड्याला काही झालेलं नाही, मेकॅनिक खरा. मग खोटं कोण बोलतंय?

३ ऑगस्ट, गुरुवार
हे वास्कोला गेले, "सुटे भाग बघूक." हा तिसरा गुरुवार. आणि बसने! गाडी दारात धडधाकट उभी, जुझेने अजून हात लावलेला नाही, आणि गाडीचे भाग आणायला माणूस गाडी सोडून दोन बस बदलून जातो. आले रिकाम्या हाताने. "गावूक नाय," म्हणजे मिळाले नाहीत. अंगाला कसल्याशा तेलाचा वास. इंजिनचं तेल नव्हे ते. बावीस वर्षं ते कपडे धुतेय, तेवढं मला कळतं.

४ ऑगस्ट
शैलाबाईंना सांगितलं. त्या शेजारच्या वर्गाच्या, जिभेला हाड नाही. म्हणाल्या, "वास्कोला बंदर आहे हो बाई. बंदरात काय काय मिळतं." सगळ्या हसल्या, मीही हसले. मग वर्गात जाऊन दोन मुलांची बरोबर गणितं चूक दिली.
स्टाफरूममध्ये बाकी विषय तोच. राज्य झालं, कोकणी राजभाषा झाली, आता आपल्या मराठी शाळांचं काय. हेडमास्तरांकडे रोज एक नवी अफवा. माझं लक्ष नव्हतं.
मला मत्सर वाटतोय. पंचेचाळिसाव्या वर्षी. लिहून टाकलं, म्हणजे निदान इथे तरी खोटं नको.

१० ऑगस्ट, गुरुवार
पुन्हा वास्को. आल्यावर ह्यांचे खिसे तपासले. लाज वाटली, तरी तपासले. तिकिटं दोन, पेपरमिंटची गोळी एक. बाई असती तर ह्यांनी पेपरमिंट खाल्ली असती, खिशात ठेवली नसती. असा विचार करतेय मी आजकाल.

२० ऑगस्ट
गिअर बसला. जुझेने काम नेटकं केलंय, नावं ठेवायला जागा नाही. खाली रबराचा काळा टोप, त्यातून दांडा, वर गोल मूठ. सीटच्या दोन सीटा झाल्या. मुळगावला शाळेपर्यंत जाऊन आलो. गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडतात, खोटं का सांगू. हे खूष. फेरीवरून आल्यापासून पहिल्यांदा गाडीत शीळ घातली. डावा हात मांडीवरून दांड्यावर, दांड्यावरून मांडीवर.
मध्ये कुंपणासारखा दांडा, इकडे मी, तिकडे हे. म्हटलं, "तुमका गाडी होयी आसली काय मधी वंय होयी आसली?"
"तुझा आपला कायतरीच."

२४ ऑगस्ट, गुरुवार
गिअर बसून गेला. तरी वास्को. आता कसले भाग?
विचारलं नाही. विचारलं तर सांगतील, ही भीती.

३ सप्टेंबर, रविवार
उद्या चवथ. काय झालं ते नीट लिहिते.
माटोळी दरवर्षी हेच बांधतात. गणपतीच्या चौरंगाच्या वर, छताला फळ्या टांगायच्या आणि त्याला रानातली फळं, नारळ, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे. लग्न झाल्यापासून दुसऱ्या कुणाला दोरीला हात लावू दिला नाही. आज सगळं सामान अंगणात पडलेलं, आणि हे म्हणतात, "यंदा तू बांध."
मी? बायकांनी बांधलेली आपल्याकडे कुणी बघितलीय? म्हटलं, अंगात कसकस आहे का. नाही. पाय दुखतो का. नाही. मग चढा की. चढले स्टुलावर. मी खालून नारळांची जोडी दिली. उजव्या हाताने घेतली. म्हटलं, डाव्याने फळी धरा, नाहीतर हलेल.
डावा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला.  ह्यांनी उजव्या हातातल्या जोडीचा दोर दातांत धरला, उजव्याने डाव्याचं मनगट पकडलं आणि ढकलून वर नेलं. नेल्यावर तो तसाच खाली पडला.
खाली उतरले. नारळ माझ्या हातात दिले.  माटोळी शेजारच्या विठूकाकांनी बांधली.

६ सप्टेंबर
दीड दिवसाचा गणपती काल पोचवला. आज हे बोलले. मी विचारलं नाही, आपणहून.
एप्रिलपासून. आधी मुंग्या, मग जोर कमी. वास्कोचा डॉक्टर मानेजवळची शीर दबलीय म्हणतो. त्याच्याच शेजारी एक वैद्य, तो तेल चोळतो. वास्को एवढ्यासाठी की तिथे ओळखीचं कुणी नाही. डॉक्टर म्हणतो जड गाडी सोडा, हात आणखी जाईल. केव्हा, ते तो सांगत नाही.
"आनी ट्रक?"
"ट्रकाचो गियर खाली. हात वर करूचो लागणा नाय. ईष्टेरिंग उजव्यान धरतंय."
"मगे आमच्या गाडयेचो कित्याक बदललो? गाडी चलोवचीच न्हय, झालें."
हे पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "तू बाजूक बसतंस. दांडो वर आसलो, तुका दिसला असता."
म्हणजे माझ्यासाठी. पत्रा कापला, सीट कापली, मला कळू नये म्हणून. मी मेकॅनिकचा संशय घेतला, वास्कोचा घेतला, कोण जाणे कुठल्या बाईचा घेतला. रोज भाकरीच्या ताटाशी जो हात बघते त्याचा घेतला नाही. खूप रडले. राग पण आला, अजून आहे.

१७ सप्टेंबर
दोन आठवडे डोकं तेच दळतंय. माझ्या पगारात घर चालेल. हे चालणार नाहीत. ट्रक गेला तर हे अंगणात बसून काय करतील, ते डोळ्यांसमोर येतं.
पण आमची शाळा मुळगावला मालाच्या रस्त्यावरच. वळण संपलं की फाटक. माझ्या वर्गातली मुलं त्या रस्त्याने येतात, चिखल चुकवत, निम्मा वेळ रस्त्यातच. भरलेला ट्रक उजव्या एका हाताने त्या वळणावर.
म्हटलं, कंपनीत सांगा. दुसरं काम देतील, यार्डात, वजनकाट्यावर.
"बावीस वर्षां चालयलंय. काट्यार बसान लोकांचे ट्रक मोजू?"

२४ सप्टेंबर
ह्यांनी आज सरळ सांगितलं. "तुका वाटता तर तू जा, सायबाक सांग. मी तुका आडवचंय नाय." रागाने नव्हे. शांतपणे, चहा पीत.
हे बरं आहे. हात ह्यांचा, ओझं माझ्या डोक्यावर.

२९ सप्टेंबर
शाळा सुटल्यावर कंपनीच्या ऑफिसच्या फाटकापर्यंत गेले. वॉचमनने ओळखलं; हंगामाआधीच्या डागडुजीला हे यार्डात होते. "बाई, भाऊंचा डबा आणला काय?" हो म्हटलं. हातात डबा नव्हता. परत फिरले.

११ ऑक्टोबर
काल दसरा. ट्रकची पूजा ह्यांनी केली, हार उजव्या हाताने घातला. बाकीचे ड्रायव्हर म्हणाले, काय भाऊ, एका हाताने? हे हसले. "दुसरो देवाक दिलो."
मला आता ह्या माणसावर विश्वास ठेवायचा की नाही, हेच कळेनासं झालंय. लबाड नाही. पण माझ्याशी लबाडी केली, तीही इतकी काळजीपूर्वक.
उद्या माल सुरू.

१२ ऑक्टोबर, गुरुवार. मधली सुट्टी
सकाळी फाटकाशी मुलांना रस्ता ओलांडून द्यायला उभी होते. आज माझी पाळी नव्हती, शैलाबाईंची होती. वळणावरून ह्यांचा ट्रक आला. पहिली खेप, काठोकाठ भरलेली. हळू होता, खूप हळू. मुलं बघून थांबला. ह्यांनी उजव्या हाताने खूण केली, जावा. मुलं गेली. शेवटची दोघं मारामारी करत होती, त्यांनाही आत ढकललं.
मी गेले नाही. ट्रकच्या समोर रस्त्याच्या मध्ये उभी राहिले. का ते माहीत नाही, ठरवलं नव्हतं. काचेतून ह्यांचं तोंड दिसत होतं. त्यांनी हॉर्न दिला नाही. मग इंजिन बंद केलं. खाली उतरले नाहीत.
मागे दोन ट्रक आले, मग आणखी तीन. हॉर्न, शिव्या. हेडमास्तर फाटकात येऊन, "बाई, घंटा झाली. काय चाललंय?" मी बाजूला झाले आणि वर्गात आले. हजेरी घेतली.
माझ्या खिडकीखालचा तो ट्रक दुसरा तास संपेपर्यंत सुरू झाला नाही. मग सुरू झाला, पण ह्यांनी केला की दुसऱ्या कुणी, पुढे गेला की यार्डाकडे वळला, ते मी उठून बघितलं नाही.