बोकड सुखरूप आहे

पामर्स्टन नॉर्थ,
१३ ऑक्टोबर २०१४

प्रिय शिरीषराव,
नमस्कार.

बोकड सुखरूप आहे. आमच्या शेजारच्या केविनने आज सकाळी बहिणीच्या शेतावरून फोन करून या बातमीला दुजोरा दिला. त्याने दुर्बिणीतून स्वतः पाहिलं. बोकड कालच्याच उतारावर, कालच्याच झुडपापाशी, कालच्यापेक्षा जास्त भुकेने चरत होता. अन्य कुणालाही इजा झालेली नाही. (पाण्याच्या टाकीचं पुढे सांगतो.)

आता रीतीचं. आईंचा गुडघा कसा आहे? विभावरीवहिनींना नमस्कार. आम्ही तिघंही बरे आहोत. खुशाली आधी विचारायला हवी होती हे कळतं, पण पुण्यात इतकी वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढल्यावर हात आधी बातमीकडेच जातो. महत्त्वाचं ते वर लिहायचं आणि जागा कमी पडली तर खालून कापायचं, हा आमचा नियम. इथल्या विद्यापीठाची माहितीपत्रकं लिहितानाही मी तो पाळतो, आणि तेही लोक खालूनच कापतात.

मी रायफल घेतली हे तुम्हाला तुमच्या बहिणीने कळवलं असेलच. कुठल्या शब्दांत, याचा अंदाज आहे. त्याचं असं झालं, की केविनने तीनदा शिकारीला बोलावलं आणि तीनदा मी आपल्या पद्धतीने 'नको, कशाला उगाच' म्हटलं. इथे 'नको' याचा अर्थ खरोखरच नको असा घेतात. चौथ्यांदा त्याने विचारायच्या आत मीच हो म्हटलं. परवान्याआधी इथले पोलीस घरी येतात आणि बायकोला वेगळं बसवून नवऱ्याचा स्वभाव विचारतात. (ही सोय लग्नाआधी हवी होती, असं अनुराधाचं मत.) नवरा तापट आहे का, या प्रश्नावर तिने सांगितलं, की दारावर आलेल्या विक्रेत्याला नाही म्हणायला यांना अर्धा तास लागतो. परवाना मिळाला. दुकानात चार-पाच गोळ्या भरून ठेवता येतील अशा रायफली पुष्कळ होत्या, पण मी थांबलो तो एकबारी रायफलीपाशी. बनावट नवी, रूप मात्र आजोबांच्या काळातलं. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, निळसर काळी नळी, चापाखाली एक लोखंडी कडी. कडी खाली ओढली की मागचा ठोकळा खाली सरकतो, एक काडतूस आत ठेवायचं, कडी वर. एक गोळी झाडली की पुन्हा पहिल्यापासून. दुकानदार म्हणाला, "वन शॉट, मेट. मेक्स यू थिंक." मला हे फार पटलं. अनुराधा म्हणाली, "एकच ना? मग घ्या." (तिला ती रायफल काटकसरीची वाटली की निरुपद्रवी, हे मी विचारलं नाही.)

इथवर सगळं सुरळीत होतं. मग खंडेनवमी आली. गेली पाच वर्षं इथली मराठी मंडळी शस्त्र म्हणून लॅपटॉप, ड्रिल मशीन आणि एकदा तर गवत कापायचं यंत्र पुजत आली आहेत. गावात खरं शस्त्र आलंय हे कळल्यावर सगळे आमच्याकडे लोटले. काडतुसं वेगळ्या कपाटात कुलपात ठेवून, रायफल पाटावर मांडून, संध्याकाळभर मी तिच्याशेजारी करवलीसारखा बसून होतो, कारण ती नजरेआड होऊ द्यायची नसते. शिवाय केविनने शिकवलं होतं, की चारचौघांत रायफल नेहमी उघडी ठेवावी, म्हणजे ती रिकामी आहे हे कुणालाही दिसतं. मी उघडी ठेवली. प्रत्येकाने वाकून आत पाहिलं, "रिकामी आहे हं" असं म्हटलं, आणि जिथे पाहिलं तिथेच हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या. पंचवीसेक माणसांत एकाचाही नेम चुकला नाही. मंडळात सर्वांत कच्चा नेम कुणाचा, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

अपवाद संभाजी आणि सुजाता. ते बौद्ध आहेत. चहा-चिवड्याला हक्काने येतात, पूजेला हात लावत नाहीत. संभाजी भिंतीला टेकून सगळं पाहत होता. "गुरुदत्तराव," तो म्हणाला, "ही नुसती पुजायची, की चालवायचीपण?" सगळे हसले. मी शांत माणूस आहे. मी शांतपणे जाहीर केलं, की दिवाळीनंतरच्या शनिवारी, मी स्वतः मारलेल्या बोकडाचं मटण, आमच्याकडे.

"सगळ्यांना?" सुजाताने विचारलं.

"सगळ्यांना."

अनुराधा स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि परत आत गेली. तारीख ठरल्याशिवाय माझ्या हातून काम होत नाही, हे तिला ठाऊक आहे. (तारीख ठरल्यावर होतं की नाही, हा वेगळा मुद्दा.)

काल रविवारी केविनच्या बहिणीच्या शेतावर गेलो. हेदर तिचं नाव. तिच्याकडे मेंढ्या आहेत, आणि डोंगरातले रानबोकड येऊन तिची नवी रोपं खातात, त्यामुळे परवानगी आनंदाने मिळाली. बोकड माझाच म्हणून केविनने स्वतःची रायफल आणली नव्हती. ओल्या गवतात पालथे पडलो. समोरच्या उतारावर बोकड, आपल्या गल्लीच्या टोकाला असावा एवढ्या अंतरावर. काडतूस ठेवलं, कडी वर ओढली, ती अर्ध्यात अडकली. जोर लावला तर आतून कर्र असा आवाज आला. तांदूळ चुकून मिक्सरमध्ये पडल्यावर येतो तसा. केविनने रायफल घेतली, काडतूस काढलं, चाकूच्या टोकाने आतून एक लाल दाणा बाहेर काढला, मग दुसरा, मग झेंडूची पाकळी. "राइस?" त्याने कुजबुजत विचारलं. मी कुजबुजत खंडेनवमी सांगितली. खंडेनवमीसाठी नवरात्र सांगावं लागलं, आणि नवरात्रासाठी महिषासुर. कुजबुजत महिषासुर सांगायला वेळ लागतो. बोकड तोवर चरला, बसला, रवंथ करून उठला. गाड्यांनाही हार घालता का, असं केविनने विचारलं. हो म्हटल्यावर "स्वीट अ‍ॅज" (म्हणजे इथलं 'झकास') म्हणाला आणि रुमालाने सगळं पुसून रायफल परत दिली.

नेम धरला. रायफलीवरच्या दुर्बिणीत बोकड दिसत होता, पण मला त्याच्या जागी संभाजी दिसत होता, हातात रिकामी ताटली घेऊन. चाप ओढला. गोळी उताराच्या पायथ्याशी असलेल्या मेंढ्यांच्या पाण्याच्या निळ्या प्लास्टिकच्या टाकीला लागली. बोकडाने मान वर केली, टाकीतून वाहणारं पाणी पाहिलं, आणि सावकाश खाली येऊन ते प्यायला. आता तो इतका जवळ होता, की आईंनीही नेम साधला असता. दुसरं काडतूस माझ्या खिशात होतं. खिसा रेनकोटच्या आत होता. रेनकोटची चेन अडकली होती. बोकड पोटभर पाणी पिऊन निघून गेल्यावर केविनने उठून गुडघ्यांवरचं ओलं गवत झटकलं. मग म्हणाला, "वेल, ही वॉज थर्स्टी." हेदर म्हणाली, टाक्या हीप्स (म्हणजे ढीगभर) आहेत, काळजी करू नको. वल्लरीने घरी आल्यावर विचारलं, "बाबा, यू शॉट द वॉटर?" अनुराधाने चहा दिला आणि एवढंच विचारलं, "टाकी मोठी होती का हो?"

पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहोत. पावसाचा अंदाज आहे.

आपला,
गुरुदत्त

ता. क. शिरीषराव, फोन इथे स्पीकरवर चालतो आणि ई-मेल दोघांचा एकच आहे, म्हणून हा कागद. तिथीवाराच्या बाबतीत आमच्या घरात तुमचा शब्द अखेरचा मानतात. पत्र मिळताच अनुराधाला फोन करून सांगा, की एक नोव्हेंबरच्या शनिवारी चतुर्थी आहे. चतुर्थी नसेल तर एकादशी. तीही नसेल तर पंचांगात नीट पाहा, मटण वर्ज्य असण्याजोगं काहीतरी असेलच. संभाजी-सुजाता तिथी पाळत नाहीत, पण त्यांना मटकीची उसळ आवडते. ते माझ्याकडे लागलं.

ता. क. २. पाकीट पोस्टात टाकायला अनुराधाकडेच देतो आहे, तिच्या वाटेवर पोस्ट आहे. डिंक भरपूर लावला आहे.

दादा, डिंक ओलाच होता. त्या शनिवारी चतुर्थी नाही, एकादशीही नाही. मी बघितलंय. तू काही शोधून काढू नकोस. मी आणि सुजाताने आज मटण आणून तिच्या फ्रीझरमध्ये मटारांखाली ठेवलंय. कल्पना संभाजीची. आदल्या शुक्रवारी केविन येऊन सांगणार, की टाकीमागच्या खळग्यात दुसरा एक बोकड बसला होता, गोळी टाकीतून पार होऊन त्याला लागली, आणि सरप्राइज म्हणून त्याने तो सोलून ठेवला होता. हे यांना पटेल का, असं केविन विचारत होता. मी म्हटलं, दुसऱ्या कुणी दुजोरा दिला की पटतं. तर शुक्रवारी यांचा तुला फोन येईल. एका गोळीत कसा पाडला, ते सगळं नीट विचार. वेळ लागेल, पण विचार.

अनु